नाताळात बोट हलवायची नाही

कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. तो संपला की ग्रेनाडा आणि त्रिनिदादच्या यार्डांत पावसाळाभर टेकून ठेवलेल्या शिडाच्या बोटी पाण्यात उतरतात आणि बेटामागून बेट करत उत्तरेकडे सरकू लागतात. त्याच सुमाराला कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून निघालेल्या एआरसी रॅलीच्या (अटलांटिक ओलांडणाऱ्या शिडाच्या बोटींचा दरवर्षीचा ताफा) बोटी सुमारे २,७०० सागरी मैल अटलांटिक तुडवून सेंट लुसियाच्या रॉडनी बेमध्ये येऊन थडकतात. चार्टर (बोटी भाड्याने देणाऱ्या) कंपन्यांच्या बोटी नाताळच्या सुट्टीवाल्यांना घेऊन निघतात त्या वेगळ्याच. ही सगळी गर्दी एकाच पंधरवड्यात त्याच चार-पाच बंदरांत जमते, आणि नेमका तेव्हाच वारा चढतो.

इथले लोक त्याला ‘ख्रिसमस विंड्स’ म्हणतात. व्यापारी वारे तर बारा महिने पूर्वेकडून वाहतच असतात, पण डिसेंबरच्या मध्यापासून उत्तर अटलांटिकवरचा जास्त दाबाचा पट्टा बळावतो. दक्षिणेला विषुववृत्ताकडे दाब कमीच असतो. दोन्हींतला फरक वाढला की एरवीचा १५ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा २० ते २५ नॉटवर जातो, झोत ३० पर्यंत येतात, आणि हे दोन दिवस टिकेल की दोन आठवडे ते त्या दाबाच्या पट्ट्यावर अवलंबून. बेटांमधल्या उघड्या खिंडीत लाट अडीच-तीन मीटरची होते. अशा दिवसांत ‘चोवीसला इकडे जेवू, सव्वीसला तिकडे पोहू’ असे बेत आखणारे हमखास फसतात. माझं मत साधं आहे: २० डिसेंबरच्या आत एक बंदर निवडावं, नांगर नीट रोवावा आणि २ जानेवारीपर्यंत तिथून हलू नये. सण बोटीकडे येऊ द्यावा.

बंदर कुठलं? उदाहरण म्हणून बेक्विया घेऊ, कारण नाताळसाठी तेच सगळ्यात सोयीचं. सेंट व्हिन्सेंटच्या दक्षिणेला नऊएक मैलांवरचं हे छोटं बेट. त्याचं ॲडमिरल्टी बे पश्चिमेकडे उघडतं, म्हणजे पूर्वेच्या वाऱ्याला डोंगराची पाठ मिळते. पोर्ट एलिझाबेथ गावात कस्टम्स, भाजीबाजार, बेकरी, सगळं पायी अंतरावर. पाहुण्यांसाठी सेंट व्हिन्सेंटचा अर्गाइल विमानतळ आहे (२०१७ मध्ये सुरू झाला), तिथून किंग्सटाउनच्या धक्क्यावर येऊन फेरी पकडली की तासाभरात बेक्विया. खोट दोन गोष्टींची. डोंगरावरून वारा सरळ येत नाही, झोताझोताने कोसळतो आणि बोट नांगरावर डावी-उजवी डुलत राहते. शिवाय तळाशी काही भागांत वाळूचा थर पातळ आणि त्याखाली कडक, तिथे नांगराचं टोक खरवडत जातं, रुतत नाही.

म्हणून नांगर टाकताना घाई नको. दुपारी ऊन मागून असताना यावं, म्हणजे पाण्यातले फिकट वाळूचे पट्टे आणि गडद गवत वेगळं दिसतं. हिशेब असा: पाणी ५ मीटर, पाण्यापासून बोटीच्या नाळेची (पुढच्या टोकाची) उंची १.२ मीटर, म्हणजे ६.२. एरवी पाचपट साखळी पुरते, ३१ मीटर. ख्रिसमस विंड्समध्ये सातपट, म्हणजे ४३ ते ४५ मीटर. भरती-ओहोटीचा फरक इथे अर्ध्या मीटरच्या आसपासच, त्याची फार चिंता नाही. साखळी सोडून झाली की इंजिन रिव्हर्समध्ये हळूहळू २,००० आरपीएमपर्यंत चढवायचं, पूर्ण मिनिटभर तसंच ठेवायचं आणि किनाऱ्यावरच्या एका सरळ रेषेतल्या दोन खुणांवर, म्हणजे घराचा कोपरा आणि मागचं माड असं काहीतरी, नजर ठेवायची. खुणा एकमेकींवरून सरकल्या तर नांगर घसरतोय. तेव्हा आणखी साखळी सोडून मनाचं समाधान करून घेऊ नये, उचलून पुन्हा टाकावा. मग गॉगल लावून पाण्यात उतरून नांगर डोळ्यांनी बघायचा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १५ नॉटला शांत धरून बसलेल्या नांगरावर ३० नॉटच्या झोतात चौपट ओढ येते. दुपारी ‘धरलाय वाटतं’ म्हणून सोडलेला नांगर सुटतो तो रात्री दोनला, शेजाऱ्याच्या बोटीवर.

साखळीला स्नबर हवाच: १४ किंवा १६ मिलिमीटरची तीन पेडी नायलॉनची दोरी, ८ ते १० मीटर. ती ताणली जाऊन झटका पिते, नाहीतर प्रत्येक झोताचा दणका विंडलासच्या (साखळी ओढणाऱ्या यंत्राच्या) गिअरवर बसतो. दोरी नाळेवरच्या फेअरलीडमधून (दोरीच्या खाचेतून) जाते तिथे जुन्या फायर होजचा तुकडा चढवावा आणि तो रोज सकाळी पाहावा. नायलॉन झिजतं ते आतून, उष्णतेने. बाहेरून बरी दिसणारी दोरी चौथ्या रात्री तुटते. नांगराऐवजी भाड्याचा मूरिंग बॉय (तळाशी साखळीने बांधलेला तरंगता गोळा) घेणार असाल तर खालची साखळी आणि शॅकल (जोडकडी) स्वतः बुडी मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. वर चकचकीत बॉय आणि खाली गंजलेला तार, हा प्रकार नवा नाही.

गर्दीतली आणखी एक भानगड म्हणजे कॅटमरान, दोन बुडांची बोट. तिचं बूड उथळ, माथ्यावर वारा जास्त लागतो. खोल कील (बुडाखालचं वजनदार पातं) असलेली एकबुडी बोट मात्र प्रवाहाचंही ऐकते. दोघी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या दिशेला फिरतात. एकाच जातीच्या बोटींजवळ नांगर टाकला तर सगळ्या एकत्र वळतात आणि रात्रीची झोप मिळते.

पाहुण्यांबद्दल बोटवाल्यांत एक जुना नियम आहे: पाहुण्याने तारीख निवडावी किंवा जागा, दोन्ही नाहीत. अमेरिकेतले मराठी मित्र-नातेवाईक नाताळच्या सुट्टीत यायचं म्हणतात तेव्हा त्यांच्याकडे तारीख पक्की असते, रजा तेवढीच. म्हणून जागाही पक्की ठेवून बोटच तिथे थांबवायची. त्यांना आधी कळवायच्या गोष्टी अशा. बोटीवरूनच पुढच्या देशात जाणार असतील आणि परतीचं तिकीट नसेल, तर विमान कंपनी चेक-इनलाच अडवते. बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि पाहुण्याचं नाव असलेलं कप्तानाचं पत्र सोबत असावं. बोट देश सोडताना क्रू लिस्टमध्ये त्यांची नावं चढवावी लागतात. भारतीय पासपोर्टवाल्यांनी बेटागणिक व्हिसाचा नियम वेगळा तपासावा. मार्टिनिक फ्रान्सचं असलं तरी शेंगेनमध्ये नाही, पॅरिससाठी काढलेला शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. आणि सामान मऊ बॅगेत. चाकांची टणक सूटकेस बोटीवर ठेवायला जागाच नसते, ती शेवटी कोणाच्या तरी बंकवर झोपते.

आता पाणी. बोटीवर मुरलेली दोन माणसं दिवसाला मिळून २५ लिटरमध्ये भागवतात: भांडी आधी समुद्राच्या पाण्यात, मग शेवटचा हात गोड्या पाण्याचा, पोहून आल्यावर अंगावर दोन लिटर. घरून आलेला माणूस नळ उघडा ठेवून दात घासतो. त्याचे ३० लिटर धरा. चार पाहुणे आले की रोजचा खप १४५ लिटरवर जातो आणि दोघांना १६ दिवस पुरणारी ४०० लिटरची टाकी तिसऱ्या दिवशी खडखडते. वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) असला तर १२ व्होल्टच्या, ऊर्जा परत वापरणाऱ्या यंत्राला लिटरमागे साधारण ४ ते ५ वॅट-तास लागतात. शंभर लिटर म्हणजे बॅटरीतून ३५-४० अँपियर-तास गेले. पण नाताळातल्या भरलेल्या बंदरात वॉटरमेकर चालवणं शहाणपणाचं नाही. पाण्यावर डिझेलचा तवंग असतो, आउटबोर्ड इंजिनांचं तेल असतं, आणि तेल मेम्ब्रेनला (यंत्रातल्या गाळणाऱ्या पडद्याला) लागलं की ती गेलीच. वीस आणि पाच मायक्रॉनचे फिल्टर गाळ अडवतात, तेल नाही. धक्क्यावरच्या क्लोरीनच्या पाण्याने मेम्ब्रेन धुतली तरी तीच गत; मध्ये कार्बन फिल्टर हवाच. वापर नसेल तर दर पाच-सात दिवसांनी गोड्या पाण्याने फ्लश करायचं, एरवी आत जीव वाढतात आणि पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो.

याहून अवघड विषय संडासाचा, आणि सगळ्यात जास्त सण याच एका गोष्टीने बिघडवले आहेत. हातपंपाच्या मरीन टॉयलेटमधून एका वेळी दोन लिटर तरी टाकीत जातात. सहा माणसं, दिवसाला पाच वेळा: ६० लिटर. बहुतेक बोटींची मैला साठवायची होल्डिंग टाकी तेवढीच असते. शेजारी मुलं पोहत असताना ती बंदरात सोडायची नसते हे सांगायला नको. सणात बोट हलवू नये या नियमाला अपवाद करायला लावते ती हीच टाकी. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, पहाटे झोत कमी असताना, पश्चिमेला तीन मैलांबाहेर जावं. जाताना स्वच्छ पाणी लागलं की आधी वॉटरमेकर लावावा, तो बंद करून मग टाकी सोडावी, आणि परत येताना वॉटरमेकरला हात लावू नये. क्रम उलटा झाला तर काय पिणार ते लक्षात येईल.

तुंबण्याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच, ओले वाइप्स. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते विरघळत नाहीत. ते आणि कागद टोपलीत, ही सूचना पाहुणा बॅग ठेवायच्या आत सांगायची आणि दारावर लिहून चिकटवायची; त्याखाली पंपाचे हात: आधी पाणी बंद ठेवून पाच, मग पाणी उघडून पंधरा ते वीस, मग पाणी पुन्हा बंद. वीसच्या जागी सहा मारले की मैला नळीच्या मधल्या वळणावर बसतो, समुद्राच्या पाण्याशी लघवीतले क्षार मिळून चुन्यासारखा थर धरतात आणि ३८ मिलिमीटरची नळी वर्षा-दोन वर्षांत २० ची होते. आठवड्यातून एकदा रात्री अर्धा लिटर व्हिनेगर पंप करून नळीत मुरू द्यावं. भांड्यात पाणी आपोआप परत चढू लागलं तर जॉकर व्हॉल्व्ह गेला समजा. चोचीच्या आकाराचा हा रबरी तुकडा नाताळच्या आधीच बदलावा, सोबत पंपाचं सील किट आणि रबरी हातमोज्यांचा डबा ठेवावा. पंचवीस तारखेला चँडलरी (बोटीच्या सामानाचं दुकान) उघडी नसते.

रोषणाईची हौस सगळ्यांना, पण बोटीवर तिला नियम आहेत. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला विसावा नियम म्हणतो की नियमातले दिवे सोडून दुसरे असे दिवे लावू नयेत जे त्या दिव्यांसारखे भासतील, त्यांना झाकतील किंवा पहाऱ्यात अडथळा आणतील. नाताळची आवडती जोडी लाल-हिरवी, आणि चालत्या बोटीचे बाजूचे दिवेही लाल-हिरवेच. रात्री बंदरात शिरणाऱ्याला नांगरलेली बोट समोरून येतेय असं वाटू शकतं. पिवळसर पांढरी माळ लावावी, ती माथ्यावरच्या पांढऱ्या अँकर लाइटपर्यंत नेऊ नये, खालीच लाइफलाइनवर (कडेच्या तारांवर) किंवा बूमवर (शिडाच्या आडव्या काठीवर) ठेवावी. डोलकाठीला चढवायचीच असेल तर हॅलियार्डला (शीड चढवायच्या दोरीला) दर मीटरला बांधावी. २५ नॉटला सुटी माळ रात्रभर काठीवर फटके मारते आणि सकाळी बल्बांच्या काचा डेकवर असतात.

दुसरा धोका दिसत नाही. स्वस्त एलईडी माळांच्या आतलं व्होल्टेज बदलणारं सर्किट रेडिओलहरी सोडतं आणि त्यात व्हीएचएफ (बोटींचा रेडिओ) आणि एआयएस (आसपासच्या बोटी कुठे आहेत ते दाखवणारी यंत्रणा) दोन्ही बहिरे होतात. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २०१८ मध्ये याबद्दल सावधानतेची सूचना काढली होती. तपासणी दोन मिनिटांची आहे. व्हीएचएफ एखाद्या शांत चॅनेलवर, समजा १३ वर, लावा. स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) इतका कमी करा की खरखर ऐकू येईल, मग खरखर जेमतेम थांबेल इतकाच वाढवा. आता माळ लावा. खरखर परत आली तर ती माळ अँटेनाजवळ नको, किंवा बोटीवरच नको. यूएसबीवर चालणारी ५ वॅटची माळ बारा तासांत ६० वॅट-तास खाते, म्हणजे १२ व्होल्टचे ५ अँपियर-तास. विजेचा प्रश्न माळेचा नसतोच.

प्रश्न फ्रिजचा असतो. दोघांत तो दिवसाला ५०-६० अँपियर-तास घेतो, सहा जण दर दहा मिनिटांनी बर्फासाठी झाकण उघडायला लागले की ८०-९०. बेक्वियाचं अक्षांश १३ उत्तर, त्यामुळे २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ५४ अंशांपेक्षा वर येत नाही. सपाट बसवलेल्या ४०० वॅटच्या पॅनेलांतून १.२ ते १.५ युनिट मिळाले तर खूप. बूमची किंवा छताची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तर त्याहून कितीतरी कमी. दिलासा एवढाच की हाच वारा पवनचक्कीला पोसतो: १५ नॉटला ५ ते ८ अँपियर, तेही रात्रभर. पेयांसाठी वेगळी बर्फाची पेटी कॉकपिटमध्ये ठेवा आणि गावातून बर्फ आणा. फ्रिज वाचतो.

खरेदीची एक सवय कधी मोडू नये: पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर येत नाही. झुरळांची अंडी त्याच्या नागमोडी थरांत असतात. अंडी, बिअर, भेटवस्तू, सगळं धक्क्यावरच उघडून ताडपत्रीच्या पिशव्यांत भरायचं. भेटवस्तूंचा चकचकीत कागद आणि झिरमिळ्यांनाही बंदी असावी, आणि ही बंदी सौंदर्यदृष्टीची नाही. झिरमिळ्यांचे बारीक तुकडे फ्लोअरबोर्डखाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) जातात, पाणी वाहून नेणारी भोकं बुजवतात आणि पाणी शिरलं त्या रात्री बिल्जपंपाच्या जाळीत अडकतात. शिवाय छोट्या बेटावर कचरा टाकायचे पैसे पडतात. खाण्या-पिण्याच्या किंवा वापरून संपणाऱ्या भेटी द्याव्यात. चांगल्या १०० ग्रॅम हिंगाच्या डबीला बोटीवर जी किंमत आहे ती शोभेच्या वस्तूला नाही.

अंडी कधीच फ्रिजमध्ये न गेलेली, न धुतलेली घ्यावीत. दोन-तीन दिवसांनी उलटी केली तर तीन आठवडे टिकतात. कोबी, लाल भोपळा, हिरवी केळी, क्रिस्टोफीन नावाची दुधी-काकडीच्या मधली भाजी जाळीत लटकवून राहते. केळी मात्र टोमॅटोपासून लांब. बाजारात ‘डशीन’च्या पानांच्या जुड्या मिळतात, ते आपलं अळू. इथले लोक त्याचं नारळाच्या दुधात, भेंडी घालून कॅललू करतात. आपल्याला चिंच असली की अळूवडी किंवा फतफतं होतं. घशाला खाज येऊ नये म्हणून आंबट हवंच आणि शिजायला भरपूर वेळ. प्रेशर कुकरचा बोटीवर मोठा उपयोग तो हाच, गॅस निम्मा लागतो आणि झाकण बंद असल्याने बोट कलली तरी उकळतं अंगावर येत नाही.

डिसेंबरात बाजार लालभडक दिसतो तो सॉरेलमुळे. ही लाल अंबाडीची बोंडं. आतली बी काढून टाकलेली अर्धा किलो बोंडं, दोन लिटर पाणी, ठेचलेलं १०० ग्रॅम आलं, आठ-दहा लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि संत्र्याची साल दहा मिनिटं उकळायची आणि झाकून रात्रभर ठेवायची. सकाळी गाळून ३०० ते ४०० ग्रॅम साखर. रम मोठ्यांच्या पेल्यात शेवटी. भांडं स्टीलचं; ॲल्युमिनियमचं आंबटाने काळं पडतं आणि सरबताला धातूची चव येते. बाटल्या गळ्यापर्यंत भरून, घट्ट बुच लावून लॉकरमध्ये ठेवू नयेत. तीस अंशाच्या उष्म्यात साखर आंबायला लागते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाटली फुटते. घरगुती जिंजर बिअर तर दुसऱ्याच दिवशी. लॉकरमधल्या गाद्यांना तो लाल डाग कायमचा.

रममध्ये आठवडेच्या आठवडे भिजवलेल्या सुक्या मेव्याचा ब्लॅक केक ही इथल्या नाताळची खूण. तो बोटीच्या ओव्हनमध्ये करायचा तर तयारी हवी. हा ओव्हन जेमतेम ३५-४० सेंटिमीटर रुंद, ज्वाला खालून आणि एकाच ओळीत, म्हणून केक मागून करपतो आणि पुढून कच्चा राहतो. खाली साधी बिनचकाकीची फरशी ठेवून २० मिनिटं तापवावं, उष्णता पसरते. मग दर १५ मिनिटांनी डबा अर्धा फिरवावा. १५० अंशांना दोन तास म्हणजे २८०-३०० ग्रॅम गॅस. त्यापेक्षा कुकर बरा: चार सेंटिमीटर पाणी, जाळी, फॉइलने घट्ट झाकलेला डबा, शिट्टी काढून मंद आचेवर दीड-दोन तास, मध्ये एकदा उकळतं पाणी वाढवायचं. हा केक मुळात ओलसर, वाफेवर उत्तम होतो. अख्खी टर्की मात्र विसरा, आणि हॅमची तंगडी घ्यायच्या आधी टेपने ओव्हन मोजा.

गॅसचा हिशेब डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात करावा. दोघांना साधारण महिनाभर जाणारी साडेचार किलोची बाटली पाहुण्यांत आणि भाजण्यात दहा-बारा दिवसांत संपते. भरून देणारा २४ ला दुपारनंतर भेटत नाही. फ्रेंच बेटांत निळ्या ब्यूटेनच्या बाटल्या, इंग्रजी बेटांत प्रोपेन आणि अमेरिकन जोडणी. ॲडाप्टर सोबत नसेल तर बाटली रिकामीच परत येते. हा वायू हवेपेक्षा जड, गळला तर बिल्जमध्ये तळं करून बसतो. स्वयंपाक झाला की आधी सोलेनॉइडचा (बाटलीजवळच्या विजेवरच्या व्हॉल्व्हचा) खटका बंद, मग ज्योत नळीतल्या उरलेल्या गॅसवर विझू द्यायची. पाहुण्यांना हे दाखवून ठेवा.

मराठी माणसाला दिवाळीची आठवण होणारच. दिवाळीला अर्ध्या बोटी अजून त्रिनिदादच्या चॅगुआरामासमध्ये यार्डात असतात, आणि तो देश दिवाळीला राष्ट्रीय सुट्टी देतो. चॅगुआनासला दिवाळी नगरचा मोठा मेळा भरतो. डाळी, पीठ, मसाले तिथेच भरून घ्यावेत, पुढच्या बेटांत मिळतील याचा भरवसा नाही. नाताळसाठी चकल्या करायच्या तर यार्डातच, विजेवर. नांगरावर तळण करू नये. केलंच तर खोल कुकरच्या भांड्यात, तेल एक तृतीयांशाच्या वर नाही, स्टोव्हचं गिंबल (त्याला सपाट ठेवणारी झुलती बैठक) मोकळं आणि फायर ब्लँकेट हाताशी. खारट हवेत चकली दोन तासांत मऊ पडते. रबरी कडेचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या.

सेंट व्हिन्सेंटची खरी गंमत नाताळच्या आधीच्या नऊ पहाटांत आहे. १६ ते २४ डिसेंबर ‘नाइन मॉर्निंग्ज’: पहाटे चारच्या सुमाराला माणसं उठून रस्त्यावर येतात, गाणी, सायकली, स्पर्धा, समुद्रात डुबकी, आणि उजाडल्यावर कामाला. कॅथलिक चर्चच्या नाताळपूर्व नऊ दिवसांच्या प्रार्थनांतून हे निघालं असं सांगतात. मोठा थाट किंग्सटाउनला, त्यासाठी आदल्या रात्री तिथे मुक्काम करावा. अंधारात डिंगीने (बोटीसोबतच्या छोट्या होडीने) किनाऱ्याला जाताना सगळीकडे दिसेल असा पांढरा दिवा, कमरेला किल-कॉर्ड (माणूस पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) आणि वेग चालण्याचा; नांगराच्या दोऱ्या आणि बॉय पहाटे दिसत नाहीत. परत येईपर्यंत डिंगी कुलपात, रात्री ती पाण्यात न ठेवता हॅलियार्डने उचलून. डिंगीची चोरी हीच इथली सगळ्यात नेहमीची चोरी.

जेवणं कुठे, कोणाची बोट, किनाऱ्यावरच्या सामायिक पंगतीला काय आणायचं, हे सकाळी व्हीएचएफवर ठरतं. बंदरातल्या बंदरात १ वॅटवर बोला. २५ वॅटवरची तुमची भाजीची यादी शेजारच्या बेटालाही ऐकू जाते. पंगतीला आपली ताटं, पेले, चमचे आपण न्यायचे. रोख रक्कम आधी काढून ठेवा, सुट्टीत एटीएम रिकामी होतात. पूर्व कॅरिबियन डॉलर १९७६ पासून अमेरिकन डॉलरला २.७० वर बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा.

एक गोष्ट वाऱ्यापेक्षा वाईट, उत्तरेची फुगवट लाट. हजारो मैल वर अटलांटिकमध्ये वादळ झालं की १२ ते १६ सेकंदांच्या अंतराच्या लांब लाटा खाली येतात आणि बेटाला वळसा घालून पश्चिमेच्या ‘सुरक्षित’ बंदरांत घुसतात. वारा पूर्वेचा, लाट वायव्येची. बोट आडवी लोळते. अंदाज तीन-चार दिवस आधी मिळतो. साखळीला नाळेपुढे एक दोरी बांधून ती मागच्या क्लीटला (दोरीच्या खुंटीला) घ्यावी आणि विंचने ओढावी, बोट तिरकी होऊन लाटेला तोंड देते. त्या दिवसांत वाळूवर डिंगी लावू नका, धक्क्यावर लावा, मागचा छोटा नांगर टाकून.

३१ ला मुदत संपलेले लाल फ्लेअर उडवायची खोड काही बोटींना आहे. लाल फ्लेअर म्हणजे बुडतोय, वाचवा. त्याला दुसरा अर्थ नाही. त्यातून गळणारा तप्त रस शेजाऱ्याच्या गुंडाळलेल्या जेनोआला (पुढच्या शिडाला) आणि रबरी डिंगीला भोकं पाडतो. भोंगा वाजवा हवा तेवढा. किनाऱ्यावर आतषबाजी होणार असेल तर वाऱ्याखालच्या बाजूला नांगर टाकू नका आणि कॉकपिटवरचं छत ओलं करून ठेवा.

निघायच्या कागदांचं गणित वेगळं. २५ आणि २६ डिसेंबर, १ जानेवारी सुट्ट्या. सेंट लुसियात २ जानेवारीही. सुट्टीत कचेरी उघडली तर जादा आकार पडतो. सेलक्लिअरवर (बोटींच्या कागदांच्या ऑनलाइन सोयीवर) माहिती आधी भरून ठेवली तर खिडकीवरचा वेळ वाचतो. बेक्वियाहून रॉडनी बे पासष्ट-सत्तर मैल, त्यातला त्रास सेंट व्हिन्सेंटच्या उत्तर टोकापासून सेंट लुसियापर्यंतच्या उघड्या खिंडीत. उत्तरेला थंड हवेची आघाडी सरकत आली की तिच्या पुढे व्यापारी वारा एक-दोन दिवस मंदावतो आणि आग्नेयेकडे वळतो, तेव्हा निघावं. आघाडी गेल्यावर मागून दाब वाढतो आणि वारा ईशान्येचा, म्हणजे नेमका नाकावर येतो. सेंट व्हिन्सेंटच्या आडोशात समुद्र सपाट असतानाच मेनसेलला (मुख्य शिडाला) दोन रीफ घ्यावेत, म्हणजे ते दोन टप्पे आखडावं, टोक उजेडात ओलांडावं. टोकावरचा झोत आल्यावर रीफ घ्यायला जाणाऱ्याला डेकवर दोन्ही हात धरायलाच लागतात.